येलचे झाडूवाले, येलचे डॉक्टर

अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि नोकरांचा इतिहास कसा जपला जातोय, हा विषय बडोद्याच्या मराठी मंडळींनी का वाचावा, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. आपलं मंडळ गायकवाडी दप्तरांत रमणारं. पण येल विद्यापीठ आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही. त्याचे तीन धागे आधी सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

पहिला धागा मद्रासचा. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १६८७ ते १६९२ या काळात तो मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. हिंदुस्थानात त्यानं अफाट पैसा केला. पुढे लंडनला गेल्यावर त्यानं कनेक्टिकटमधल्या एका लहानशा कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं एक चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले, आणि १७१८ साली त्या कॉलेजला त्याचं नाव दिलं गेलं. एवढ्याशा देणगीत तीनशे वर्षांचं नाव! सयाजीरावांनी बडोद्यात शिक्षणावर जे ओतलं त्याच्या तुलनेत हे काहीच नाही, पण तो भाग सोडा.

दुसरा धागा मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा. काचेच्या फरश्या आणि लोखंडी मांडण्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. १९१० साली सयाजीरावांनी ग्रंथालयं उभारण्यासाठी अमेरिकेहून विल्यम अॅलनसन बॉर्डन यांना बोलावलं. ते बडोद्याला आले ते न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयातून. येल विद्यापीठ ज्या गावात आहे, तेच हे न्यू हेवन. १९१३ साली बॉर्डन परत गेले. त्याच वर्षी भीमराव आंबेडकर बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिसरा धागा मार्क ट्वेनचा, तो पुढे ओघात येईल.

आता मूळ विषय.

विद्यापीठाचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण काय करतो? संस्थापक, देणगीदार, कुलगुरू, नामवंत प्राध्यापक, नामवंत विद्यार्थी, इमारती. येलनेही तीनशे वर्षं तेच केलं. मग ऑक्टोबर २०२० मध्ये विद्यापीठानं स्वतःच एक संशोधन प्रकल्प सुरू केला. येलचा गुलामगिरीशी काय संबंध होता, आणि या आवारात काळी माणसं कुठे, कशी, कोणत्या नावानं वावरली, हे शोधायचं ठरलं. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कामाचं पुस्तक फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, आणि विद्यापीठानं त्याच वेळी औपचारिक माफी मागितली. माफीची बातमी सगळीकडे छापून आली. मला जास्त रस आहे तो त्यामागच्या कागदांत. नावं मिळाली कुठून?

कनेक्टिकट हॉल ही येलची आज उभी असलेली सगळ्यात जुनी इमारत. बांधकाम १७५० ते १७५२. ती बांधणाऱ्यांत गुलाम मजूर होते, हे कुठल्या गौरवग्रंथात सापडलं नाही, ते बांधकामाच्या हिशेबात सापडलं. मिंगो, जॉर्ज, गॅड अशी एकेरी नावं, आणि त्यांच्या मजुरीचे पैसे गेले ते त्यांच्या मालकांकडे. आडनाव नाही, वय नाही, गाव नाही. पण हिशेब ठेवणाऱ्याला पैशाचा चोख हिशेब हवा होता, म्हणून नाव टिकलं. आपल्याकडे मोडीतले जमाखर्च वाचणाऱ्यांना हे लगेच पटेल. बखरीत ज्याला जागा नसते तो माणूस खर्चाच्या वहीत सापडतो: पखालजी, मशालजी, माहूत, भिस्ती. बखर लिहिणाऱ्याला त्यांची गरज नसते, कारकुनाला असते.

दुसरं उदाहरण चित्राचं. येलच्या ब्रिटिश कला केंद्रात एलिहू येलचं एक समूहचित्र आहे, साधारण १७१९ च्या सुमाराचं. मेजाभोवती झकपक कपड्यांतले गोरे लोक बसलेत, मागे मुलं खेळतायत, आणि उजव्या बाजूला एक काळा मुलगा उभा आहे. त्याच्या गळ्यात धातूचं कडं आहे, कुलूप लावतात तसलं. वर्षानुवर्षं लोक हे चित्र बघत होते आणि येल कोण, ड्यूक कोण यावर चर्चा करत होते. २०२० मध्ये केंद्रानं ते भिंतीवरून उतरवलं आणि त्याच्यावर संशोधन सुरू केलं. त्या काळात तिथे टायटस काफार या कृष्णवर्णीय चित्रकाराचं चित्र लावलं होतं. हा चित्रकारही येलमध्येच शिकलेला. त्याच्या चित्रात गोऱ्यांचे चेहरे चुरगळून गेलेत आणि तो मुलगा मात्र सोनेरी चौकटीत, गळ्यात कडं नसलेला, सरळ आपल्याकडे बघतोय. संशोधनानंतर जुनं चित्र परत लागलं, पण चित्राचं नाव बदललं. आता नावातच ‘गुलाम केलेलं मूल’ असा उल्लेख आहे. त्या मुलाचं नाव मात्र मिळालेलं नाही. एलिहू येलच्या मद्रासमधल्या कारकिर्दीत तिथून माणसं गुलाम म्हणून जहाजांवर चढवली जात होती, हेही त्याच निमित्तानं चर्चेत आलं. म्हणजे नऊ गठ्ठ्यांची गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. चित्र फेकून दिलं नाही, कायमचं झाकलंही नाही. नाव बदललं, माहितीची पाटी बदलली, आणि चित्र तिथेच ठेवलं. संग्रहालयात पाटी लिहिणाऱ्याच्या हातात केवढं काम असतं, ते यातून कळतं.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ.

१८३१ साली न्यू हेवनमध्ये काळ्या तरुणांसाठी कॉलेज काढायचा बेत निघाला. येल शेजारीच होतं, गाव विद्येचं होतं, म्हणून जागा निवडली गेली. गावानं १० सप्टेंबरला सभा भरवली आणि मतं घेतली. विरोधात सुमारे ७००, बाजूनं ४. विरोधकांच्या पुढाऱ्यांत येलच्या कायदे-शिक्षणाशी जोडलेले न्यायाधीश डेव्हिड डॅगेट होते. ते कॉलेज कधीच झालं नाही. जी संस्था झालीच नाही तिचं दप्तर कुठून असणार? तेव्हाची वर्तमानपत्रं आणि सभेचे ठराव यांतूनच तिचा इतिहास उभा करावा लागतो.

तीनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जेम्स पेनिंग्टन येलच्या धर्मशास्त्र विभागात येऊन बसू लागला. मेरिलँडमधल्या गुलामीतून पळून आलेला लोहार. त्याला परवानगी मिळाली ती अशी : वर्गात बसायचं, पण नाव पटावर नाही. प्रश्न विचारायचा नाही. ग्रंथालयातून पुस्तक न्यायचं नाही. असं तो १८३७ पर्यंत ऐकत राहिला. पुढे तो पाद्री झाला, काळ्यांच्या इतिहासावर १८४१ मध्ये पाठ्यपुस्तक लिहिलं, आत्मकथन लिहिलं, आणि १८४९ साली जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठानं त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. येलनं त्याला पदवी दिली ती २०२३ मध्ये. त्याच्यासारखाच १८४० च्या सुमाराला वर्गात बसलेला अलेक्झांडर क्रमेल, त्यालाही त्याच समारंभात. दोघांना जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

हे वाचताना मराठी माणसाला काय आठवतं ते मी वेगळं लिहीत नाही. जात आणि वर्ण या दोन गोष्टी एकच नाहीत, त्यांची सरसकट बरोबरी करणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण पटावर नाव नसलेला, वर्गात वेगळा बसवलेला विद्यार्थी म्हणजे काय, हे आपल्याला परक्या इतिहासातून शिकावं लागत नाही. जोतीराव फुल्यांना तर ते दीडशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं.

पटावर नाव नाही, तर पेनिंग्टनचा पुरावा कुठून? त्याच्याच लिखाणातून, चर्चच्या कागदांतून. विद्यापीठाच्या दप्तरात तो जवळजवळ नाहीच. म्हणून एक साधा नियम धरायला हरकत नाही : संस्थेनं ज्याला बाहेर ठेवलं त्याचा शोध संस्थेबाहेर घ्यावा.

फुल्यांच्या ‘गुलामगिरी’नंतर पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, एडवर्ड बूशे येल कॉलेजमधून पदवीधर झाला. वर्गात सहावा. आणखी दोन वर्षांनी, १८७६ मध्ये, त्यानं भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. प्रकाशाच्या अपवर्तनांकाच्या मोजणीवर प्रबंध. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं. मला सांगायचंय ते त्याच्या वडिलांबद्दल.

विल्यम बूशे न्यू हेवनला आला तो १८२४ साली, दक्षिणेतल्या चार्ल्स्टनहून शिकायला आलेल्या एका धनिक विद्यार्थ्याबरोबर, त्याचा खाजगी नोकर म्हणून. तो गुलाम होता. हो, येलमध्ये शिकायला येणारे काही विद्यार्थी सोबत गुलाम घेऊन येत. पुढे विल्यम मुक्त झाला आणि येलमध्येच झाडलोट-देखभालीच्या कामाला लागला. बायको, म्हणजे एडवर्डची आई सुझन, येलच्या विद्यार्थ्यांचे कपडे धुवायची. ज्या खोल्या बाप झाडायचा आणि ज्या खोल्यांतले कपडे आई धुवायची, त्याच आवारात मुलगा भौतिकशास्त्राचा डॉक्टर झाला.

विद्यार्थी आणि नोकर हे दोन वेगळे इतिहास आहेत असं आपण धरून चालतो. विद्यार्थ्यांचा एक विभाग, कर्मचाऱ्यांचा दुसरा, जमलं तर. न्यू हेवनच्या काळ्या घरांत ते एकच होते. कोर्टलँड क्रीडचं तसंच. १८५७ मध्ये येलच्या वैद्यकीय शाखेतून डॉक्टर झालेला तो पहिला कृष्णवर्णीय, पुढे यादवी युद्धात काळ्यांच्या पलटणीचा शल्यचिकित्सक. त्याचे वडील वेस्ट इंडीजमधून आलेले, येलच्या जेवणावळींची व्यवस्था बघायचे. आई न्यू हेवनमधली पहिली काळी शिक्षिका. आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. एका कुटुंबात एवढं सगळं! पण विद्यापीठाच्या इतिहासात यातला फक्त डॉक्टर यायचा, आणि तोही उशिरा.

बूशेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण नुसतं ‘पहिला’ म्हणून थांबलं की गोष्ट फार गोड होते. एवढी विद्वत्ता असून एकाही विद्यापीठानं त्याला प्राध्यापक केलं नाही. फिलाडेल्फियातल्या काळ्या मुलांच्या एका शाळेत त्यानं २६ वर्षं शास्त्र शिकवलं. त्या शाळेच्या एका क्वेकर विश्वस्तानंच त्याच्या डॉक्टरेटचा खर्च उचलला होता. १९०२ मध्ये शाळेनं उच्च शिक्षण सोडून हातकामाचं शिक्षण धरलं आणि बूशेचं तिथलं काम संपलं. १९१८ मध्ये तो न्यू हेवनमध्येच वारला. थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. येलनं तो बसवला १९९८ साली.

ऐंशी वर्षं! पहिला कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारक म्हणून त्याचं नाव विद्यापीठ अभिमानानं घेत होतं, आणि गावातल्याच स्मशानात तो नावाशिवाय पडला होता.

बरं, ‘पहिला’ या शब्दाचीही एक गंमत आहे. येल कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून बरीच वर्षं बूशेचंच नाव घेतलं जायचं. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या एका लिलावघरात जुन्या कौटुंबिक कागदांचा गठ्ठा विक्रीला आला. लिलावाची सूची करणाऱ्या तज्ज्ञानं नावं तपासली. त्यात रिचर्ड हेन्री ग्रीन सापडला, न्यू हेवनच्या एका काळ्या चांभाराचा, म्हणजे बूट बनवणाऱ्याचा, मुलगा. येल कॉलेजची पदवी १८५७ ची. बूशेच्या १७ वर्षं आधी! तो शिक्षक झाला, आरमारात वैद्य होता, पुढे डार्टमथहून वैद्यकीची पदवी घेतली. येलच्या पदवीधरांच्या याद्यांत त्याचं नाव छापलेलं होतंच. तो काळा होता, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

यावरून मी एक मत बनवलंय, पटेल न पटेल. ‘पहिला कोण’ हा प्रश्न वर्तमानपत्राला लागतो, दप्तराला नाही. दप्तराला लागते ती पूर्ण यादी. यादी पूर्ण असेल तर पहिला आपोआप वर येतो, आणि उद्या दुसरा सापडला तरी कुणाचा अपमान होत नाही.

मार्क ट्वेनचा धागा इथे येतो. १८८५ साली ट्वेन येलला गेले होते तेव्हा त्यांची गाठ वॉर्नर मॅकग्विन या कायद्याच्या काळ्या विद्यार्थ्याशी पडली. मॅकग्विन पोटासाठी छोटीमोठी कामं करून शिकत होता. ट्वेन यांनी विद्यालयाच्या प्रमुखांना पत्र लिहून त्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च उचलला. गोऱ्यांनी काळ्यांचं जे नुकसान केलं त्याची लाज गोऱ्यांनीच फेडायची, अशा अर्थाचं त्या पत्रात होतं. १८८७ मध्ये मॅकग्विन पदवीधर झाला, पुढे बॉल्टिमोरला नामांकित वकील झाला, नगरपरिषदेवर निवडून गेला. १९१७ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवणारा शहराचा कायदा पाडण्यात त्याचा हात होता. ते पत्र मात्र प्रकाशात आलं १९८५ मध्ये, शंभर वर्षांनी. एक पत्र कुणाच्या तरी घरात टिकलं म्हणून आपल्याला हे कळलं.

हेच ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये आपल्या बडोद्याला आले. हत्तीवर बसले, सोन्याचांदीच्या तोफा पाहिल्या, राजवाड्यात व्याख्यान दिलं. बडोद्यातल्या लोकांना तोफा आठवतात. मॅकग्विनची गोष्ट त्या वेळी त्यांनी कुणाला सांगितली असती तर सयाजीरावांना नक्की आवडली असती. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कुणी समजावायची गरज नव्हती.

विसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांचे कागद जास्त आहेत, म्हणून तिथे मी भरभर जातो. ओटिलिया क्रॉमवेल १९२६ मध्ये येलची डॉक्टरेट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. जेन बोलिन १९३१ मध्ये कायद्याची पदवीधर, १९३९ मध्ये अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. १९६४ साली येलच्या पहिल्या वर्षात १४ कृष्णवर्णीय मुलं आली, आणि तेव्हा तो आकडा मोठा वाटला होता. याच मुलांनी संघटना उभी केली, १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या अभ्यासावर परिषद घ्यायला लावली, आणि १९६९ पासून तो विषय येलमध्ये शिकवला जाऊ लागला. त्याच वर्षी त्यांचं सांस्कृतिक केंद्रही सुरू झालं. ही पिढी आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं ते आत्ताच.

नोकरवर्गाचं काय? इथे अडचण खरी. येलच्या ग्रंथालयात १९४१ पासून कृष्णवर्णीय लेखकांच्या कागदपत्रांचा एक मोठा संग्रह आहे, जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या नावाचा. लँग्स्टन ह्यूजसारख्यांची हस्तलिखितं तिथे आहेत. जगभरचे अभ्यासक येतात. पण त्याच ग्रंथालयाची फरशी पुसणाऱ्यांचं नाव शोधायला गेलात तर पगारपत्रकं, शहराच्या जुन्या नामावल्या, जनगणना आणि चर्चची बाप्तिस्मा-विवाहाची पुस्तकं एकमेकांशी ताडून बघावी लागतात. जुन्या नामावल्यांत काळ्या माणसाच्या नावापुढे वर्णाची खूण छापलेली असे. अपमानासाठी केलेली ती खूण आज अभ्यासकाच्या कामी येते, हा एक विचित्र प्रकार. एकोणिसाव्या शतकातल्या वर्गांच्या छायाचित्र-संग्रहांत आवारातल्या काळ्या खाऊविक्यांचेही फोटो आहेत. खाली नाव असतं ते टोपणनाव. पोरांनी चेष्टेत ठेवलेलं. खरं नाव लावायचं तर पुन्हा नामावली, पुन्हा चर्च, पुन्हा स्मशान.

आणि कधी नोकर स्वतःच इतिहासात उडी घेतो. येलच्या एका वसतिगृह-महाविद्यालयाला जॉन कॅल्हून यांचं नाव होतं. येलचा १८०४ चा पदवीधर, अमेरिकेचा उपाध्यक्ष, आणि गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता. तिथल्या जेवणघराच्या रंगीत काचेच्या खिडकीत कापसाचे भारे वाहणाऱ्या काळ्या गुलामांचं चित्र होतं. २०१६ मध्ये तिथेच काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यानं झाडूच्या दांड्यानं ती काच फोडली. अटक झाली, नोकरी गेली, मग लोकांनी आवाज उठवल्यावर नोकरी परत मिळाली. २०१७ मध्ये त्या महाविद्यालयाचं नाव बदलून संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचं नाव दिलं. काच फोडणं बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. मला एवढंच दिसतं की त्या खिडकीखाली रोज ताटं उचलणाऱ्या माणसाला ते चित्र कसं वाटतं, हे ऐंशी वर्षांत कुठल्याच समितीनं त्याला विचारलेलं नव्हतं.

इथून बडोद्याकडे यायला वेळ लागत नाही.

आंबेडकरांना बडोद्यानं शिष्यवृत्ती दिली, हे आपण सांगतो आणि सांगायलाच हवं. १९१७ मध्ये ते नोकरीला परत आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशांच्या विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं, हेही त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कमाटीबागेतली संकल्पभूमी त्याचीच जागा. पण कचेरीच्या बाजूनं या प्रसंगाकडे बघायचं तर त्या वेळी तिथे शिपाई कोण होते, कारकून कोण होते, हजेरीपट कुठे आहे? येलच्या अभ्यासकांनी जसे बांधकामाचे हिशेब उलगडले तसे आपण कोठीवरच्या दप्तरातले नोकरांचे कागद उलगडायला हवेत. राजांच्या हुकमांइतकं लक्ष त्यांना कुणी दिलेलं नाही.

आणि याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांपुढे जो अर्ज गेला होता त्याच्या प्रती मागवल्या. डू बॉइसनी उत्तर दिलं. ही दोन्ही पत्रं आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात, डू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहेत, आणि घरबसल्या वाचता येतात. विचार करा : एका कृष्णवर्णीय विद्वानाचे कागद एका विद्यापीठानं नीट जपले, म्हणून आपल्या माणसाचं एक पत्र वाचलं.

आपल्याकडे उलट अनुभव आहे. शहरातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेतल्या शिपायांचे आणि हमालांचे चाळीसेक वर्षांचे हजेरीपट मी एकदा बघायला मागितले. ‘बघतो’ म्हणाले. पुन्हा गेलो तेव्हा रंगकामाच्या वेळी खोली रिकामी केली असं कळलं. रद्दी किलोवर गेली. प्राचार्यांचे फोटो मात्र नव्या चौकटीत होते.

म्हणून आमच्या मंडळात काही जणांनी एक साधं काम हाती घेतलंय. बडोद्यातल्या कॉलेजांत, ग्रंथालयांत, वसतिगृहांत ज्यांनी चतुर्थ श्रेणीत नोकरी केली त्यांच्या घरी जायचं, बोलायचं, ओळखपत्रं आणि पगाराची पुस्तकं यांचे फोटो काढून मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवायचे. दुसरं, सयाजीराव विद्यापीठात आफ्रिकी देशांतून आलेले विद्यार्थी. ते कुठे राहिले, कोणत्या खाणावळीत जेवले, घरमालक कसे वागले, हे त्यांनाच विचारायचं. काही परत गेलेत, पण पत्ते मिळतात. आणि गुजरातेतल्या सिद्दी समाजाची, रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्याशी नातं सांगणाऱ्या घरांची, शिकलेली मुलंही याच शहरात आहेत. आफ्रिकेचा विषय काढला की आपण न्यू यॉर्क-न्यू हेवनला जातो, आणि नर्मदेकाठची माणसं विसरतो.

मंडळात यावर मतभेद आहेत. एका ज्येष्ठ सदस्याचं म्हणणं असं की आपलं काम मराठी बडोद्याचा इतिहास, त्यात हे बसत नाही. मी त्यांना म्हटलं, काका, शिपाई मराठीच होते की! त्यावर ते हसले, पण आफ्रिकी विद्यार्थ्यांबद्दल अजून राजी नाहीत. चर्चा चालू आहे.

तूर्त एक विनंती. तुमच्या घरी कॉलेजचा, शाळेचा, कचेरीचा जुना समूहफोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीनं (शाईनं नको, ती पुढून उमटते) डावीकडून उजवीकडे नावं लिहा. खुर्चीवर बसलेल्यांची लिहाच. पण मागे दाराशी, घंटा किंवा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन जो उभा आहे, त्याचं नाव घरात कुणाला आठवतंय का ते आजच विचारा, आणि फोटोची प्रत मंडळाकडे पाठवा.